पुण्याच्या पावसात केपची कोरफड

आमच्या अंगणाच्या आग्नेय कोपऱ्यात मुरूम, विटांचे तुकडे आणि बारीक खडी यांचा दीड फूट उंचीचा एक उंचवटा आहे. वर्षातले दहा महिने त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. परंतु डिसेंबर सरता सरता त्याच्यावर नारिंगी-लाल फुलांचे दांडे उभे राहतात, तेव्हा रस्त्याने जाणारी माणसे फाटकाशी थांबून हे झाड कोणते, असे विचारतात. ‘कोरफड’ असे उत्तर दिले की बहुतेकांना ते पटत नाही, कारण आपल्या मनातली कोरफड म्हणजे कुंडीतली लांब, मांसल, फिकट हिरवी पाने. ही कोरफडच आहे, मात्र ती संकरित आहे. तिचे नाव ॲलो स्पिनोसिसिमा. तिचे आई-बाप दोघेही दक्षिण आफ्रिकेतले, आणि त्या दोघांचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय ती पुण्यात टिकत नाही, हे मला एक रोप गमावल्यानंतर कळले.

‘संकरित’ हा शब्द आपल्याकडे जरा संशयाने ऐकला जातो. ‘हायब्रिड’ म्हटले की महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी ज्वारी येते. सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाले, आणि तेव्हापासून हायब्रिड म्हणजे उत्पादन भरपूर, पण भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही, बियाणे दरवर्षी नवे आणावे लागणार आणि खतपाण्याचा खर्च वाढणार, असे एक समीकरण घट्ट झाले. कोरफडीच्या बाबतीत ते लागू पडत नाही. ज्वारीचे संकरित बियाणे पुन्हा पेरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते; कोरफडीला मात्र बुडाशी पिल्ले फुटतात, ती मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतात, आणि एकदा घरात आलेले रोप पिढ्यान्‌पिढ्या तसेच चालू राहते. आणखी एक गैरसमज वारंवार ऐकू येतो, तो असा की संकरित म्हणजे कलमी. कलमात दोन झाडांच्या फांद्या जोडलेल्या असतात आणि जोडाच्या वर-खाली ती दोन झाडे आपापल्या जागी वेगळीच राहतात. संकरात एकाचा पराग दुसऱ्याच्या फुलावर पडून बी तयार होते आणि त्या बीतून तिसरेच झाड जन्माला येते.

या झाडाचा एक पालक ॲलो आर्बोरेसेन्स. ही कोरफड झुडपासारखी माणसाच्या उंचीच्याही वर जाते आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केप प्रदेशापासून पूर्व किनाऱ्याच्या बाजूने वर झिंबाब्वे, मोझांबिक, मलावीपर्यंत आढळते. दक्षिण आफ्रिकेतल्या गावांमध्ये गुरांच्या गोठणीभोवती तिचे जिवंत कुंपण लावीत असत. गोठण उठून गेली, माणसे निघून गेली, तरी कोरफडीची ती गोल रांग जागेवर तशीच राहिलेली पुष्कळ ठिकाणी दिसते. आपल्याकडे पडीक शेताच्या बांधावर शेराची किंवा घायपाताची ओळ दिसली की पूर्वी इथे कोणाचा तरी मळा होता, हे जसे ओळखता येते, तसेच ते आहे. दुसरा पालक ॲलो ह्युमिलिस. ‘ह्युमिलिस’ म्हणजे जमिनीलगतचा, ठेंगणा. ही मूठभर आकाराची कोरफड पूर्व केपच्या कोरड्या भागात दगडांच्या आणि काटेरी झुडपांच्या आडोशाने वाढते. तिची पाने निळसर असतात, पानांच्या पाठीवर पांढरे मऊ काटे असतात, आणि तिला पिल्ले इतकी फुटतात की थोड्याच वर्षांत तिचा गालिचा होतो.

माझ्या झाडात हे दोघे एकमेकांत मिसळून एकजीव झालेले नाहीत, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. निळसर रंग, पानाच्या पाठीवरचे पांढरे खडे आणि पिल्लांची हौस ह्युमिलिसकडून आली आहे. पानावरून बोट फिरवले की द्राक्षाच्या मण्यावर असते तशी पांढुरकी भुकटी बोटाला लागते आणि खालचा हिरवा रंग उघडा पडतो. तो डाग नंतर बरेच दिवस तसाच राहतो, म्हणून मी पाहुण्यांना पाने हाताळू नयेत अशी विनंती करते. जमिनीपासून जरा वर उचललेले फांद्याफांद्यांचे खोड, पानांचा आत वळणारा बाक आणि ऐन थंडीत फुलण्याची सवय ही आर्बोरेसेन्सची देणगी आहे. नावाचा अर्थ ‘अतिशय काटेरी’ असा असला तरी काटे बोटात रुतणारे नाहीत. घायपाताच्या टोकाशी तर त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

कोरफडीच्या कुळात असे संकर सहज घडतात. या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत आणि जवळजवळ सर्वांच्या पेशींत चौदाच गुणसूत्रे असतात, आठ लांब आणि सहा आखूड, त्यामुळे दोन जाती एकत्र आल्या तरी त्यांची जुळणी होते. निसर्गात त्यांना वेगळे ठेवते ते अंतर आणि फुलण्याचा हंगाम. ज्या डोंगरावर दोन जाती शेजारी शेजारी आणि एकाच महिन्यात फुलतात, तिथे संकर आपोआप होतात. माणसाने हे काम हाती घेतले तेव्हा त्याला फार मोठा वाव मिळाला. जोहान्सबर्गजवळ लिओ थॅम यांनी बागेसाठी भरपूर आणि दीर्घकाळ फुलणाऱ्या संकरित कोरफडी तयार केल्या. कॅलिफोर्नियात केली ग्रिफिन यांनी मादागास्करच्या लहान जातींचे रक्त वापरून खडबडीत, लालसर कडांच्या छोट्या कोरफडी तयार केल्या, आणि आज कुंडीत दिसणाऱ्या रंगीत कोरफडींपैकी बऱ्याच त्याच घराण्यातल्या आहेत. आपल्याकडच्या नर्सरींमध्ये मात्र अशी रोपे केवळ ‘हायब्रिड ॲलो’ एवढ्याच चिठ्ठीवर विकली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पालक कोण हे माहीत नसेल, तर झाडाला ऊन किती द्यायचे, वाढीचा काळ कोणता आणि पाणी केव्हा तोडायचे, हे ठरवायचे कशावरून?

मला पहिले रोप नाशिकच्या एका मैत्रिणीने दिले, तेही नाव लिहिलेल्या पट्टीसह. ते वर्ष २०१९ आणि महिना जूनचा शेवट. पाऊस सुरू झाला की झाडे लावायची, ही आपली जुनी रीत. शिवाय कोरफड काय, कुठेही येते, अशी माझी समजूत होती. घराच्या भिंतीलगत आमची जुनी कोरफड वर्षानुवर्षे उभी होती, तिच्यापासून दोन हात पुढे, अंगणाच्या काळ्या मातीत मी ते रोप लावले. त्या दोन हातांनीच घात केला. जुनी कोरफड भिंतीला चिकटून छपराच्या आडोशाला होती आणि नवे रोप नेमके पागोळ्यांखाली आले. २०१९ चा पावसाळा पुणेकर विसरलेले नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी आंबिल ओढ्याला पूर आला तो त्याच वर्षी. पण माझे रोप त्याच्या पुष्कळ आधी, ऑगस्टमध्येच गेले. खालची पाने पाकात टाकलेल्या कोहळ्याच्या फोडींसारखी पारदर्शक झाली, बोट लावताच ती हातात आली, आणि मधला गाभा वर उचलला तेव्हा मुळांच्या जागी तपकिरी लगदा होता. त्याचा आंबूस वास हात दोनदा धुतल्यावरही गेला नाही.

मैत्रिणीला हे सांगताना मला फार अवघड वाटले. तिने मात्र शांतपणे एवढेच विचारले, की ते झाड जिथून आले तिथला पाऊस कसा असतो? पूर्व केपमध्ये पाऊस बेताचा, आणि तोही वर्षभरात थोडा थोडा विखुरलेला. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा म्हणून तो मोठा नाही, परंतु त्यातला बहुतेक चार महिन्यांतच येतो, आणि काळी माती ते पाणी धरून ठेवते. ओली झाली की ही माती फुगते, तिच्यातल्या हवेच्या जागा बुजतात, मुळांचा श्वास कोंडतो आणि दुबळ्या झालेल्या मुळांवर बुरशी चढते. म्हणजे आपल्याकडे या झाडाचा शत्रू मे महिन्याचे ऊन नसून जुलै-ऑगस्टमधली साचलेली ओल आहे. माझे सगळे लक्ष उन्हाकडे होते.

दुसरे रोप मी फेब्रुवारी २०२० मध्ये लावले आणि त्याआधी उंचवटा तयार केला. जमिनीत खड्डा खणून तो खडीने भरण्याचा सल्ला पुष्कळ लोक देतात. काळ्या मातीत तो मुळीच मानू नये, कारण असा खड्डा म्हणजे पाणी साठवणारा हौदच होतो. मी जमीन फक्त वरवर उकरली, तिच्यावर अर्ध्या विटांचा थर दिला आणि त्यावर चार घमेली मुरूम, दोन घमेली चहाच्या दाण्याएवढी खडी, एक घमेले विटांचा चुरा आणि एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत अशा प्रमाणात केलेले मिश्रण ओतत गेले. खडी आधी चाळून आणि धुऊन घेतली, कारण तिच्यातली दगडाची भुकटी ओली झाली की सिमेंटसारखी बसते. बाजूंना चांगला उतार ठेवला आणि माथ्यावर रोप असे बसवले की खोडाची मान मातीच्या वर राहील. पिल्लू आईपासून तोडल्यानंतर पाच दिवस सावलीत ठेवून त्याची जखम सुकवली होती, आणि लावल्यानंतर आठवडाभर त्याला पाण्याचा थेंबही दिला नाही. सुकलेली खालची पाने मी काढत नाही. ती खोडाभोवती पदरासारखी राहतात आणि मेच्या उन्हात त्यांचा उपयोग होतो.

पाण्याचे वेळापत्रकही आपल्या नेहमीच्या सवयीच्या उलटे आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिच्या वाढीचा काळ, तेव्हा दर आठ-दहा दिवसांनी उंचवटा पूर्ण भिजेल इतके पाणी देते. मार्च ते मे पंधरा दिवसांतून एकदा, आणि तेही सूर्य मावळल्यावर. या दिवसांत पाने आत मिटतात आणि टोकांकडून लालसर-तपकिरी होतात, ते पाहून पहिल्या वर्षी मी घाबरले होते. पण तो रंग आजाराचा नव्हे, तहानेचा आणि उन्हाचा असतो, आणि थंडीत तो परत उतरतो. पावसाळ्यात पाणी शून्य. जुलै-ऑगस्टमध्ये चार बांबूंवर एक पारदर्शक पत्रा तिरका बांधते. बाजू चारही उघड्या ठेवते, कारण झाकून कोंडलेली दमट हवा पावसापेक्षा कमी घातक नाही.

एवढ्या कमी पाण्यावर ती कशी जगते, याचे उत्तर आपल्या जुन्या घरांच्या दारांवर टांगलेले असे. दृष्ट लागू नये म्हणून मुळांसकट उलटी बांधलेली कोरफड महिनोन्‌महिने हिरवी राहते आणि कधी कधी तिला नवे पानही फुटते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी त्यांच्यातले पाणी वाफ होऊन जाते. कोरफड रात्री रंध्रे उघडते, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात पानात साठवते आणि दिवसा दारे बंद करून, सूर्यप्रकाशात त्याच साठ्यातून अन्न तयार करते. त्यामुळे पाणी वाचते, आणि भरलेली पाने हाच तिचा हौद असतो. संध्याकाळी पाणी देण्याची माझी पद्धत याच समजुतीवर बसवलेली आहे.

किडींपैकी मला एकाच किडीने त्रास दिला, ती म्हणजे पिठ्या ढेकूण. दोन पानांच्या बेचक्यात कापसाचा कण अडकल्यासारखे दिसले की समजावे. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर ती कीड आत आहेच, कारण तिच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या तिला राखतात आणि एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि एकेक बेचके पुसून काढायचे, हा उपाय वेळखाऊ असला तरी खात्रीचा आहे. निंबोळी अर्क फवारला तर पानांवरची निळसर भुकटी धुऊन जाते, म्हणून मी तो टाळते.

एक गोष्ट मी इथे स्पष्ट लिहू इच्छिते, कारण ती आमच्या घरातच घडली. झाड चांगले भरले तेव्हा सासूबाईंनी केसांना लावण्यासाठी त्याचे एक पान कापून आणायला सांगितले. त्यांचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबरच होते. कोरफडीचा गर आणि काळा बोळ यांच्यावर त्यांच्या पिढीने अनेक दुखणी काढली आहेत. पण आपल्याकडची औषधी कोरफड म्हणजे ॲलो वेरा ही जात, आपल्या आयुर्वेदातली कुमारी. संकरित कोरफडीच्या रसात काय उतरले असेल, हे केवळ पाहून सांगता येत नाही, आणि आफ्रिकेतल्या काही कोरफडींमध्ये तर हेमलॉक या विषारी वनस्पतीत असतात तशी विषारी द्रव्ये (अल्कलॉइडे) सापडतात. मी त्यांना म्हटले, “आई, ही आपली कोरफड नाही, ही फक्त पाहायची.” त्यांनी लगेच ऐकले, आणि त्या दिवसापासून शेजारपाजारच्या मुलांना पाने तोडण्यापासून त्याच अडवतात. बागेत अशी झाडे लावणाऱ्या प्रत्येकाने घरातल्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

पहिले फूल येण्यासाठी जवळजवळ तीन वर्षे लागली. डिसेंबर २०२२ च्या एका सकाळी पानांच्या मधोमध करंगळीच्या पेराएवढे एक टोक दिसले, बारीक खवल्यांनी गच्च झाकलेले. रात्री थंडी वाढत गेली तसा तो दांडा रोज दिसण्याइतका वर चढू लागला, आणि जानेवारीत कळ्या सुट्या झाल्या. आधी सगळ्या कळ्या वर तोंड करून असतात; उमलण्याची वेळ आली की एकेक कळी खाली वळते. फुलणे तळापासून शेंड्याकडे सरकते, त्यामुळे एकाच दांड्यावर खाली कोमेजलेली, मध्ये उमललेली आणि वर हिरवट टोकाच्या मिटलेल्या कळ्या अशी तिन्ही वये एकत्र दिसतात. मी भिंग घेऊन एक फूल रोज पाहत होते. सहा पुंकेसर एकदम बाहेर येत नाहीत. आधी तीन लांबतात, त्यांचा पराग झडला की पुढचे तीन येतात, आणि ते सुकून आत गेल्यावर मग स्त्रीकेसराचे बारीक टोक बाहेर डोकावते. फुलाने आपला पराग स्वतःलाच लागू नये म्हणून केलेली ही व्यवस्था आहे.

त्याच आठवड्यात शिंजीर आला. थंडीच्या सुरुवातीला जांभळ्या शिंजिराच्या नराचा झगझगीत रंग उतरलेला असतो. पोट पिवळसर आणि गळ्यापासून खाली जाणारी एकच गडद पट्टी, जणू शाईची धार ओघळली आहे. हा नर नुकताच रंगावर येऊ लागला होता, पट्टीच्या दोन्ही बाजूंना जांभळे ठिपके उमटले होते. तो दांड्यावर पाय रोवून बसला, मान वळवून खालून वर चोच घातली आणि एकेक नळी रिती करत वर गेला. मागे सरला तेव्हा त्याच्या कपाळावर परागाची केशरी-पिवळी पूड लागलेली होती. दक्षिण आफ्रिकेत कोरफडींवर मॅलाकाइट सूर्यपक्षी येतात, ते याच कुळातले; कॅलिफोर्नियात ते काम गुंजन पक्षी करतात. आर्बोरेसेन्स आणि ह्युमिलिसचे फूल, रंग, नळीची लांबी, दांड्याचा बळकटपणा हे सारे पक्ष्याच्या चोचीसाठी घडलेले आहे, आणि हजारो किलोमीटर दूर, पुण्याच्या एका अंगणात, ज्याने हे फूल पूर्वी कधी पाहिले नव्हते त्या शिंजिराला ते पहिल्याच भेटीत उमगले. मी तिथे किती वेळ उभी होते ते मला आठवत नाही. चुलीवरचे दूध मात्र सासूबाईंनी उतरवले होते.

इतके पक्षी आणि सातेरी मधमाश्या येऊनही माझ्या झाडाला एकही बोंड धरलेले नाही. कोरफडी सहसा स्वतःच्या परागाने फळत नाहीत, आणि माझ्या उंचवट्यावर आता सतरा रोपे दिसत असली तरी ती सगळी नाशिकहून आलेल्या एकाच पिल्लाची पिल्ले आहेत; फुलांच्या हिशेबाने ते सारे मिळून एकच झाड आहे. जवळ त्याच वेळी फुलणारी दुसरी कोरफड असती, तर कदाचित बी धरले असते आणि त्यातून निघालेले प्रत्येक रोप वेगळे निघाले असते. तो प्रयोग मला पुढे करायचा आहे, आणि त्यासाठी खऱ्या आर्बोरेसेन्सच्या शोधात मी आहे.

तोवर पिल्ले वाटण्याचे काम दर ऑक्टोबरात चालते. परतीचा पाऊस थांबला आणि उंचवटा वरून कोरडा दिसू लागला की चार बोटांपेक्षा मोठी झालेली पिल्ले धारदार सुरीने अलग करते, जखमा सुकण्यासाठी स्वयंपाकघराच्या खिडकीत वर्तमानपत्रावर मांडते आणि पाचव्या दिवशी कागदात गुंडाळते. यंदाची पहिली पुडी नाशिकला जाणार आहे, कारण मैत्रिणीच्या गच्चीतले मूळ झाड गेल्या पावसात कुजले. प्रत्येक पुडीत प्लॅस्टिकची एक पट्टी घालते आणि तिच्यावर झाडाचे नाव, खाली दोन्ही पालकांची नावे शिसपेन्सिलीने लिहिते; पेनाची शाई पहिल्याच पावसात धुऊन जाते, पेन्सिलीचे अक्षर टिकते.